ओकव्हिलची टोळी

सोमवार, ३ मार्च
आजपासून नियमित रोजनिशी. पुढे आठवणी लिहायला घेईन तेव्हा शोधाशोध नको.

जेवताना उल्का मावशीने पुन्हा विषय काढला. महिनाअखेरपर्यंत अर्धवट टाकलेला डिप्लोमा सुरू कर, नाहीतर नोकरी बघ, नाहीतर विनिपेगला बाबांकडे जा. तिचे बेसमेंट म्हणजे धर्मशाळा नाही. बाबांनी त्यांच्या फ्रोझन फूडच्या गोदामात माझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे. म्हणजे बाहेरच्या थंडीतून आतल्या थंडीत. मी शांतपणे सांगितले, पंधरा तारखेनंतर हा प्रश्न उरणार नाही.

पंधराला ओकव्हिलच्या मराठी मंडळाचे होळी संमेलन आहे. अध्यक्ष भाऊसाहेबांनी मला वीस मिनिटे दिली आहेत. विषय: 'श्रीमंत घरच्या हिंसक तरुणांच्या टोळ्या: सत्तरच्या दशकातील इटालियन सिनेमाचा दुर्लक्षित प्रवाह'. कॅनडात यावर मराठीत बोलणारा मी पहिलाच. ऐकायला बँकवाले, आयटीवाले, प्रोफेसर. त्यांतला एकजण जरी कुठल्या फिल्म फेस्टिव्हलच्या कमिटीवर निघाला, तर पुढचे सगळे आपोआप होईल.

भाऊसाहेबांची समजूत आहे की मी इटलीच्या ट्रिपच्या स्लाइड्स दाखवणार. ती आत्ताच दूर करण्याची घाई नाही.

बुधवार, ५ मार्च
अभ्यास जोरात. या सिनेमांत तीन-चार देखणी पोरे असतात. बाप न्यायाधीश नाहीतर सर्जन. घर तळ्याकाठी. पांढरी गाडी. पोरांना कंटाळा येतो आणि कंटाळ्यातून ती माणसे मारतात. एक मिशाळ इन्स्पेक्टर सगळे ओळखून असतो, पण त्याचे कोणी ऐकत नाही. मला तो फार जवळचा वाटतो.

सबटायटल्स मिळत नाहीत. अडत नाही, चेहऱ्यांवरून कळते. हिंसक प्रसंगी मी आवाज बंद करून खिडकीबाहेर बघतो. त्यामुळे संकलनाची लय नीट लक्षात येते. शेवटचे रीळ सहसा बघत नाही. शेवटाला प्रेक्षक लागतो. मी अभ्यासक आहे.

शनिवार, ८ मार्च
मंडळाचा व्हॉट्सॲप ग्रुप सोडला. कार्यक्रमाच्या पत्रकात शुद्धलेखनाच्या नऊ चुका. दुरुस्त करून पाठवले, तर सेक्रेटरी सीमाताईंनी हात जोडलेला इमोजी टाकला आणि जुनेच पत्रक पुन्हा फॉरवर्ड केले. अशा ठिकाणी राहण्यात अर्थ नाही. महत्त्वाचे काही असेल तर लोक फोन करतील.

अजून कोणाचा आला नाही.

सोमवार, १० मार्च
आज हे टिपून ठेवलेच पाहिजे. मावशीचा तनय अकरावीत आहे. बाप दात सरळ करणारा ऑर्थोडॉन्टिस्ट. घर तळ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. मावशीची पांढरी एसयूव्ही त्याच्या हातात. स्वानंद आणि ईशानी हे त्याचे साथीदार, दोघांच्याही घरी तीन-तीन गाड्यांचे गॅरेज. तिघांच्या चेहऱ्यावर कायम कंटाळा. इतके दिवस माझ्या कसे लक्षात आले नाही?

दुपारी तिघे किचनमध्ये कुजबुजत होते. मी जिन्यात थांबून ऐकले. "सीमा आंटीज् फर्स्ट, देन युवर प्लेस. फ्रायडे. मास्क्स घालायचेत का?" असे ईशानी म्हणाली. तनय म्हणाला, ऑब्व्हियसली.

मी सहज म्हणून तनयला विचारले. तो म्हणाला, "इट्स अ हेरिटेज थिंग, ड्यूड." वारसा. त्या सिनेमांतली पोरेही वारशावरच जगतात.

गुरुवार, १३ मार्च
मावशीला सावध करण्याचा प्रयत्न केला. म्हटले, तनयची संगत बघ, शुक्रवारी काहीतरी शिजते आहे. ती हसत सुटली. म्हणाली, करू दे की पोरांना, या वयात नाही करायचे तर कधी. शिवाय भाऊसाहेबांनीच सांगितले आहे म्हणे.

भाऊसाहेबांनी!

एकोणसत्तर साली कॅनडात आलेला माणूस, निवृत्त इंजिनिअर, सगळ्यांना वडिलांसारखा. सिनेमातही सूत्रधार असाच निघतो. इन्स्पेक्टरला हे कळते तेव्हा तो खिडकीशी उभा राहून सिगरेट ओढतो. मी खिडकीशी उभा राहून हळद घातलेले दूध प्यालो.

संकल्प: उद्या घरात मी एकटा असेन. डगमगायचे नाही. समोरासमोर जायचे.

शुक्रवार, १४ मार्च, संध्याकाळ
बेसमेंटच्या वॉशरूममधून लिहितो आहे. कडी लावली आहे. कडीची तपासणी केली आहे.

पांढरी गाडी ड्राइव्हवेत आली. चार-पाचजण उतरले. गोलकीपरचे मास्क, हातांत हॉकी स्टिक. गॅरेजच्या बाजूने काहीतरी जड ओढल्याचा आवाज. मग एकाने तोंडावर हात आपटत असा भेसूर आवाज काढला की तसा इटालियन सिनेमातही ऐकलेला नाही. (आवाज बंद असतो हे खरे.)

समोरासमोर जाण्याआधी 911ला फोन करणे हे जबाबदार नागरिकाचे लक्षण आहे. सांगितले: गँग, मास्क्ड, अफ्लुअंट. फोनवरच्या बाईंनी शेवटचा शब्द पुन्हा विचारला. मी स्पेलिंग सांगितले.

शुक्रवार, जेवणानंतर
जेवण झालेले नाही. मला कोणी बोलावले नाही.

घडले ते असे. भाऊसाहेबांनी मुलांना सांगितले होते की लहानपणी सांगलीला होळीची लाकडे विकत आणत नसत, चोरत. तुम्ही एकदा तरी चोरून बघा. मात्र कॅनडा असल्यामुळे त्यांनी प्रत्येक घरी आधी फोन करून चोरीची परवानगी घेतली होती. कोणाकडे किती वाजता चोरी, हे सगळे ग्रुपवर टाकले होते. मावशीने तर सुकी लाकडे निवडून वेगळी ठेवली होती. मास्क चोर वाटावे म्हणून. स्टिक्स प्रॅक्टिसहून थेट आल्यामुळे. तो आवाज म्हणजे बोंब. भाऊसाहेबांनी झूमवर शिकवली होती.

आलेल्या पोलीस ऑफिसर बाई सभ्य होत्या. तोवर फोनाफोनी होऊन मंडळही जमले होते. ड्राइव्हवेत भाऊसाहेब त्यांना समजावत होते, की ही चोरीच आहे, पण सगळ्यांना विचारून. बाईंनी एवढेच विचारले की इतकी लाकडे जाळणार कुठे आणि बॅकयार्डात आग लावण्याचे परमिट कोणाकडे आहे. भाऊसाहेबांनी सीमाताईंकडे पाहिले. सीमाताईंनी शंतनुकाकांकडे, म्हणजे मावशीच्या नवऱ्याकडे पाहिले. काकांनी माझ्याकडे पाहिले.

यात माझा दोष एवढाच की माझे निरीक्षण अचूक होते. अर्थ लावण्यात किंचित फरक पडला.

शनिवार, १५ मार्च
आज होळी आमच्याच बेसमेंटमध्ये. परमिट वेळेत मिळणे शक्य नव्हते, म्हणून होम थिएटरच्या मोठ्या स्क्रीनवर शेकोटीचा व्हिडिओ लावला. स्क्रीनपुढे पाट, पाटावर नारळ, पुरणपोळीचा नैवेद्य. प्रदक्षिणा घालायला सोफा पुढे ओढावा लागला. मध्येच डिटर्जंटची जाहिरात आली तेव्हा बायकांनी हळदकुंकवाचा हात मागे घेतला आणि जाहिरात संपेपर्यंत सगळे थांबले.

माझे व्याख्यान त्याच स्क्रीनवर होते. सीमाताईंना आठवण करून दिली. त्या म्हणाल्या, गंधार, आता काय होळी विझवू का?

मग बोंबा. वर्षभराचा राग ज्याच्यावर असेल त्याच्या नावाने बोंब मारायची, असे भाऊसाहेबांनी मुलांना समजावले. पहिला तनय पुढे आला. त्याने माझे नाव घेतले. मग स्वानंदने. मग ईशानीने. मग सगळ्या मंडळाने, भाऊसाहेबांसकट, माझ्या नावाने शिमगा केला. काका सर्वांत जोरात.

एका संध्याकाळी माझे नाव सर्वांच्या तोंडी. प्रसिद्धी कधी कोणत्या वाटेने येईल, सांगता येत नाही.

रविवार, १६ मार्च
मावशीने तिकीट काढले. वन वे. निघताना लागेल म्हणून पुरणपोळ्यांचा डबाही भरला. रागावली असती तर डबा भरला असता का? मला विनिपेगला पाठवण्यात तिचा काहीतरी दूरचा विचार असावा.

तिथे या सिनेमाला आजवर कोणी हातच लावलेला नाही. गोदामात ब्रेकमध्ये छोटे फिल्म सर्कल सुरू करता येईल.

गुरुवार, २० मार्च. विनिपेग
गोदामाचा पहिला दिवस. मटारच्या पाकिटांवर स्पेलिंगची एक चूक सापडली. सुपरव्हायझरला दाखवली. त्याने मला हातमोजे दिले.

रात्री तनयचा मेसेज आला. माझ्या टेबलावर राहिलेल्या पेनड्राइव्हवरचा टोळीचा सिनेमा तिघांनी मिळून पाहिला, पण फाइल मध्येच तुटते. त्याला एकच गोष्ट जाणून घ्यायची आहे. "डिड दे कॅच देम? तुला माहीत असेलच, यू आर द एक्स्पर्ट."

पहिल्यांदाच कोणीतरी मला या विषयावर प्रश्न विचारला. उत्तर चार वेळा टाइप केले आणि पुसले.

संकल्प: उद्या पूर्ण प्रत शोधून शेवटचे रीळ बघायचे. दिवसा. बाबा घरी असताना.