साठ अंशांच्या वरचे रकाने

मंगळवार, ६ मे

हमूद येऊन गेला. वाळूच्या टेकड्यांवर गाड्या चढवणाऱ्या आमच्या क्लबचा प्रमुख तो, उगाच कुठे जात नाही. खजूर खाल्ले, कॉफीचे तीन पेले झाले, सगळ्यांच्या तब्येती विचारून झाल्या, मग पोटातलं ओठावर आलं. "शुक्रवारी बैठक आहे. मुंधिरला परत गाडी चालवायला घ्यायचं का ते ठरवायचंय. इंजिन तुझं गेलं, भाऊही तुझाच. तू हो म्हण, बाकीचे माना हलवतील."

कशाला हो म्हणू? दोन वर्षं खपून उभं केलेलं इंजिन! एकेक पिस्टन तोलून बसवलेला. गेल्या मे महिन्यात माझ्या धाकट्या भावाने बिदियाच्या वाळूच्या मोठ्या टेकडीवर, अर्ध्या चढात, ते जाळलं. त्याआधी खाली रांगेत पाऊण तास इंजिन चालू ठेवून बसला होता. बाकीचे सगळे बॉनेट उघडून इंजिनावर बर्फाच्या पिशव्या ठेवतात. याला कंटाळा.

वाळूतून पायी खाली आला तेव्हा लोकांनी विचारलं, काय झालं? तर हा हसतो. "पाय जड पडला." बस. माझ्याकडे बघून एक शब्द नाही. वर्ष झालं, अजून नाही. क्लबने त्याला काढलं ते बरंच केलं.

हमूदला म्हटलं, बघू. म्हणजे नाही.

बुधवार, ७ मे

जेवताना बायको, रय्या, म्हणाली, "ईदलासुद्धा मुंधिर दारावरून गेला. किती दिवस चालायचं हे?" म्हटलं, त्याला विचार. "त्याला काय विचारू? तोंड फुगवून तर तुम्ही बसलाय." सुक्या मुशीचं कालवण होतं. अर्ध्या ताटावरून उठलो.

गुरुवार, ८ मे

नीट लिहून काढतो.

गाडीचे आकडे बसवायचा माझा नियम असा — पहाटेची फज्रची नमाज झाली की गाडी रस्त्यावर काढायची आणि ऊन चढायच्या आत लॅपटॉप बंद. तेव्हा इंजिनात शिरणारी हवा चाळीस अंशांच्या आसपास असते. किती तापलेल्या हवेला किती पेट्रोल, याचा तक्ता मी गाडीच्या काँप्युटरमध्ये भरतो; त्यातले साठच्या वरचे रकाने मी कधी गाडी चालवून भरलेच नाहीत. ते गणिताने भरतो. हवा तापली की विरळ होते, मग पेट्रोल तेवढं कमी द्यायचं. पुस्तकातलं सूत्र आहे. वीस वर्षं तेच करतोय.

आज हमूद भर दोन वाजता गाडी घेऊन हजर. "आत्ताच बघ, मला वेळ नाही." बाहेर शेहेचाळीस. वर हा गृहस्थ इंजिन चालू ठेवून अर्धा तास फोनवर. मग पेट्रोल पंपामागच्या सरळ रस्त्यावर गाडी पूर्ण दाबली. सेन्सर सांगतोय हवा त्र्याऐंशी अंश. आणि हवेत पेट्रोल किती मिसळतंय ते दाखवणारा काटा पार खाली! पाय झटकन उचलला. पेट्रोल कमी पडलं की इंजिन आतून भडकतं; आणखी दोन सेकंद दाबून ठेवला असता तर पिस्टन वितळला असता.

पुन्हा केलं. तेच. मग इंजिनाकडे हवा नेणाऱ्या नळीच्या तोंडाशी, जिथून वारा आत येतो तिथे, दुसरा सेन्सर लावला. तिथे एक्कावन्न. त्याच क्षणी माझ्या सेन्सरवर त्र्याऐंशी.

माझा सेन्सर तापलेल्या धातूत घट्ट पिळून बसवलेला आहे. तो हवेचा ताप सांगतच नाही, धातूचा सांगतो. गाडी उभी असते तोवर फरक पडत नाही. पळायला लागली की आत ताजी हवा येते, तरी याचं त्र्याऐंशीचं तुणतुणं चालूच. काँप्युटर बिचारा विश्वास ठेवतो आणि पेट्रोल तोडतो. इतकी वर्षं हे कळलं नाही, कारण सगळे बर्फ ठेवतात. धातू गार राहतो, साठच्या वरच्या रकान्यांपर्यंत कोणी पोचतच नाही. लोकांच्या बर्फाने माझी चूक झाकली.

मुंधिरने मला हे सांगितलं होतं. याच गॅरेजात, इंजिन जळायच्या महिनाभर आधी. "दादा, तुझा सेन्सर तव्यावर बसून सांगतोय की घरात उकडतंय. त्याचं ऐकू नकोस. वरच्या रकान्यांत पेट्रोल थोडं जास्त राहू दे." मी हसलो. चारचौघांत म्हटलं, तू आपली खजुराची झाडं सांभाळ, आकडे मला कळतात.

वरच्या रकान्यांतली कपात निम्म्यावर आणली. गाडी सरळ झाली, काटा जागचा हलेना. हमूदने विचारलं, काय केलंस? म्हटलं, गरम हवेचे आकडे जरा बदलले. त्याने पुढे विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

शुक्रवार, ९ मे, सकाळ

माझं इंजिन मीच जाळलं. लिहून बघितलं. बोलता येईल का, माहीत नाही.

शुक्रवार, संध्याकाळच्या मगरिबच्या नमाजनंतर

मजलिसमध्ये, क्लबच्या बैठकीच्या खोलीत, चौदा माणसं होती. मुंधिर दाराजवळ, चपलांच्या बाजूला बसला होता. हमूदने मला विचारलं, "खलफान, तुझं काय म्हणणं?"

वाक्य सकाळपासून तयार होतं. पण समोर पाच जण असे बसलेले, ज्यांच्या गाड्यांत माझे आकडे आहेत. तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं — "झालं गेलं. मी त्याला माफ केलं."

काय ते कौतुक! "मन असावं तर असं." "अबू सुहैल, वाटलं नव्हतं रे." मुलाच्या नावावरून बाहेरचे मला अशीच हाक मारतात. हलव्याचं ताट फिरलं. मुंधिर उठून आला, रीतीप्रमाणे नाकाला नाक लावलं. त्याचे डोळे इतके जवळ होते की मी हलव्याकडे बघत राहिलो. हलवा मी दोनदा घेतला.

सगळ्यांच्या गाड्यांत नवे आकडे भरून देईन. उन्हाळ्याचे आकडे म्हणून. कोणाला काही कळायचं कारण नाही. रय्याला म्हटलं, मिटलं एकदाचं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. लाज वाटते. पण हलकंही वाटतंय, खोटं कशाला लिहू?

शनिवार, १० मे

मुंधिर गॅरेजच्या दारात उभा राहिला, आत आला नाही. "अबू सुहैल," म्हणाला. परक्यासारखं. आजवर मला दादाच म्हणत आला.

"काल बैठकीच्या आधी हमूद सांगत होता, तू त्याच्या गाडीतले गरम हवेचे आकडे बदललेस. म्हणजे काल मला माफ करताना चूक कोणाची ते तुला माहीत होतं."

मी हातातला पाना पुसत राहिलो.

"मला वर्षभर माहीत आहे. काटा माझ्या डोळ्यांसमोर पडला. पाय मी लगेच उचलला होता, पण तोवर इंजिन गेलं होतं. आकडे चुकले म्हणालो असतो तर तुझ्याकडे कोणी गाडी आणली नसती. म्हणून पाय जड पडला म्हणालो. वाटलं, कधीतरी तुला कळेल, तेव्हा तूच सांगशील."

हमूदला त्याने सकाळीच नकार कळवलाय. माफ केलेला माणूस म्हणून गाडीत बसायचं नाही म्हणाला.