बाबांच्या खोलीतला हिटर

९ जानेवारी, गुरुवार

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. आम्ही ठीक आहोत, म्हणजे पत्रात लिहितात तितपत ठीक. इकडे थंडी मी म्हणतेय. बाबा अर्धा कप दूध घेतात आणि पूर्ण कप घेतल्याचं मला पटवून देतात.

तुझं पत्र मिळालं. रविवारी चर्चच्या मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना घेऊन येणार म्हणतोस, पलंगाभोवती उभं राहून बाबांना पश्चात्ताप करायला लावणार म्हणतोस. वेळ थोडा आहे हे तुझं खरं, डॉक्टरही तेच म्हणाले. पण आत्ताच सांगून ठेवते, ती फौज घेऊन आलास तर मी दाराची कडी काढणार नाही. थोरल्या बहिणीला इतका हक्क आहे.

रागावू नकोस. नाहीतर खुशाल रागाव, पण पुढे वाच.

मागच्या खेपेला तू पलंगाच्या पायथ्याशी उभा राहून बाबांना नरकातल्या न विझणाऱ्या आगीचं सांगितलंस. ते हसले. म्हणाले, "जन्म गेला भट्टीपुढे पाव भाजण्यात, आणि हा मला आगीची भीती घालतोय!" तू ओशाळलास, मीही हसले. तू गेलास आणि संध्याकाळी त्यांनी मला हिटर बंद करायला लावला. तो आजतागायत बंद आहे. त्याची तार लाल झालेली त्यांना बघवत नाही. मी गरम पाण्याच्या पिशव्या भरते, दोन रजया घालते, तरी त्यांचे दात वाजत राहतात. मला वाटलं, घाबरलेत. तुलाही तेच वाटलं असतं, कदाचित जरा बरंही वाटलं असतं.

खरं तर पत्र इथेच आवरतं घेणार होते. पण नाही घेत.

परवा त्यांचे पाय चोळत होते. एकदम म्हणाले, "तुझ्या आईला उकाडा अजिबात सोसायचा नाही गं. भट्टी पेटली की मागच्या पायरीवर जाऊन बसायची, मानेवर ओला रुमाल टाकून."

मी म्हटलं, "हो ना."

"तिने तर तुमच्या देवाचं नावही कधी घेतलं नाही. धाकट्याचं ऐकलं तर ती तिथेच असणार. मग मलाही तिथेच जाऊ दे. एकटी काय करेल ती?"

वाचतोयस ना? स्वतःची भीती त्यांना नाहीच. त्या लाल तारेत त्यांना आई दिसते. तू घातलेल्या धाकाने ते प्रभूकडे पाठ फिरवून निघालेत, आणि तेही प्रेमापोटी.

मला रडू आलं. मी म्हटलं, "बाबा, आई कुठे आहे ते मला माहीत नाही. धाकट्यालाही माहीत नाही. पण मी रोज ज्याच्याशी बोलते, त्याचा जीव आईवर तुमच्यापेक्षा कमी असेल, हे मला पटत नाही."

त्यांनी पाय रजईत ओढून घेतले. मग म्हणाले, "हे इतके दिवस का नाही सांगितलंस?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

"मग आता विचारतो. पण आधी धाकट्याला बोलाव. मला हे त्याच्या तोंडून ऐकायचंय."

धाकट्या, मी प्रभूकडे कशी आले, आठवतं का? तुझ्या प्रवचनांत तर मी डुलक्या काढायचे. माझं बाळ गेलं आणि मी भिंतीकडे तोंड करून पडून राहिले, तेव्हा तू रोज आलास. माझी खरकटी भांडी घासलीस, माझे केस विंचरलेस, भांग वाकडा पाडलास. देवाबद्दल अवाक्षर काढलं नाहीस. शेवटी मीच विचारलं, हे सगळं तुला कोणी शिकवलं? तो माणूस मला बाबांच्या खोलीत हवाय. उपदेशक घरी राहू दे.

तुला खोटं बोलायला सांगत नाही. जे माहीत नाही ते माहीत नाही म्हण, एवढंच. हे पत्र शेजारच्या ड्रायव्हरच्या हाती देतेय, आजच मिळेल. रविवारपर्यंत थांबू नकोस, उद्याच ये. एकटा ये. उशाशी बस, त्यांचा हात हातात घे आणि आईबद्दल बोल. त्यांनी हो म्हटलं, तर हिटर तुझ्या हाताने लाव.

कडी काढून ठेवलीय.

तुझी,
वाकड्या भांगाची ताई