बटणांचा डाव

३ मार्च

पैज मारली! बाबा बाथरूममध्ये पडले तेव्हापासून ठरलंय, त्यांनी आता एकटं राहायचं नाही. पण राहायचं कुणाकडे? त्यांच्याच स्वयंपाकघरात उभं राहून दादा म्हणाला, "पोकर खेळू. हरेल त्याच्याकडे बाबा." रागाच्या भरात मीही हो म्हटलं. इतकी वर्षं सलूनमध्ये कात्री चालवून आत्ता कुठे हक्काची एक रिकामी खोली मिळालीय. ती मी सोडणार नाही! बाबांना यातलं अवाक्षर कळता कामा नये.

अडचण एकच. मला पोकर येत नाही.

५ मार्च

शिकवणार कोण? बाबाच! पैशांऐवजी डब्यातली बटणं. जोडी, दोन जोड्या, तीन सारखे, सलग पाच — तासाभरात सगळं पाठ. "डोकं आहे तुला!" आहेच मुळी.

९ मार्च

आज थापा मारायला शिकले. हातात काही नसताना मख्ख चेहऱ्याने बटणं पुढे सरकवायची. हे तर माझं रोजचंच — टक्कल पडत चाललेल्या गिऱ्हाइकाला 'केस दाट आहेत हो तुमचे' म्हणतेच की! दुसऱ्याचा चेहराही ओळखता येतो, दिवसभर आरशात तेच बघते. बाबांचा एक नियम मात्र कडक. टाकून दिलेले पत्ते पालथेच ठेवायचे, कुणी उलटून बघायचे नाहीत.

१२ मार्च

बाबांना लागोपाठ हरवलं. दादाची आता खैर नाही!

१५ मार्च

खेळलो. पत्ते बाबांनी वाटले; त्यांच्या लेखी हा नुसता खेळ. शेवटचा डाव, दादाने सगळी बटणं पुढे ढकलली. माझ्याकडे तीन राण्या! तो कान खाजवत होता — शुद्ध थाप. बरोबरी करायला मला एक बटण कमी पडत होतं. बाबांनी अंगातल्या स्वेटरचं तोडून हातावर ठेवलं. "घे. भीड बिनधास्त."

उघड्या स्वेटरची कड एका हाताने धरून बसले होते. मी डाव सोडला. पत्ते पालथे टाकून दिले.

दादा नाचला. "चिमणे, अजून कच्ची आहेस!" असू दे. माझं मला माहीत.

१६ मार्च

बाबा बॅग घेऊन माझ्याकडे आले. चहा पिताना म्हणाले, "तीन राण्या कुणी टाकतं का गं?"

"उलटून बघितलेत? नियम तुमचाच ना!"

"तुम्ही दोघं काय हळू बोलता होय! पैजेचं मी तेव्हाच ऐकलं होतं. तू जिंकावीस म्हणून तर शिकवलं."