लाइट गेली आणि कॅमेरा खाली आला

जोगेश्वरी पूर्व,
रविवार

प्रिय सपना,

पत्र बघून घाबरू नकोस गं, आम्ही दोघं ठणठणीत आहोत. आयर्लंडला पत्र पोचायला किती दिवस लागतात ते पोस्टातल्या बाईंनाही नीट सांगता आलं नाही, म्हणजे तुझ्या पप्पाचा गाढवपणा तुला जरा शिळा होऊनच मिळणार. मिळू दे. फोनवर मी सारवासारव केली असती.

दर फोनला तू एकच विचारतेस, आई आता कशी दिसते? मी म्हणतो, झकास दिसते, केस तेवढे पिकलेत. दोन वर्षं झाली तुला तिचं तोंड बघून. व्हिडिओ कॉल आला की ती फोन माझ्या हातात कोंबते आणि ओट्याकडे पळते. तू जायच्या आधी तिच्या ब्लाउज कटिंगचा व्हिडिओ तिला न विचारता नेटवर टाकलास. कौतुकानेच टाकलास, मला काय माहीत नाही? पण खाली लोकांनी तिच्या वऱ्हाडी बोलण्याची जी टिंगल केली, ती तिने एकटीने बसून शेवटपर्यंत वाचली. तू तो काढलास, रडलीस, माफी मागितलीस. ती जाऊ दे म्हणाली, पण तेव्हापासून कॅमेरा दिसला की तिचा आवाजच फुटत नाही. तुम्हा दोघींचं बोलणं जेवलीस का, थंडी आहे का, एवढ्यावर आलं. मला ते बघवत नव्हतं.

मग माझ्यातला लिफ्टवाला जागा झाला. चौतीस वर्षं अंधेरी ते बोरिवली लिफ्ट बसवून माणसं वर-खाली नेली, एक कॅमेरा नेता येणार नाही होय? तिला कळलं नाही तर ती मोकळी बोलेल, मी ते तुला पाठवीन, असा माझा बेत. आई चार दिवस मुलुंडला मावशीकडे गेली तेवढ्यात काम उरकलं. तिच्या कटिंगच्या टेबलावरच्या पीओपीच्या छतात वीतभर चौकोन कापला. तू ठेवून गेलेला छोटा कॅमेरा ड्रॉवरच्या सरकत्या चॅनलवर बसवला, भंगारातून गाडीच्या वायपरची मोटर आणली. वर एक, खाली एक स्विच, कॅमेरा तिथे टेकला की मोटर आपोआप बंद. झाकणाला छताचाच रंग दिला. मी आतल्या खोलीतून बटण दाबलं की झाकण उघडून कॅमेरा चार बोटं खाली, लाल दिवा लागून चालू. परत दाबलं की गुडुप. ती कापडावर वाकलेली, तिच्याकडे शिवायला येणाऱ्या पाच बायकांच्या यंत्रांचा खडखडाट, कोणाला पत्ता नाही. आठवडाभर मी स्वतःवर इतका खूश होतो की विचारू नकोस.

आता गाढवपणा ऐक. लाइट गेली तर लिफ्ट मधेच लटकून राहता कामा नये, बॅटरीवर जवळच्या मजल्याला येऊन तिने दार उघडलं पाहिजे, ही आमच्या धंद्यातली पहिली गोष्ट. हाताला इतकी सवय की इथेही मी तशीच बॅटरी जोडून बसलो, लाइट गेली की कॅमेरा खाली! मंगळवारी भर दुपारी बिल्डिंगची लाइट गेली. यंत्रं थांबली, खोलीत एकदम शांत, आणि त्या शांततेत घुर्रर्र करत छत उघडलं आणि कॅमेरासाहेब थेट टेबलाशी काजं करत बसलेल्या जानकीच्या डोक्यावर उतरले. ती पाल, पाल करत स्टुलावरून उठली. आईने वर बघितलं, लाल दिवा बघितला, मग दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे बघितलं. माझी अशी वाट लागली म्हणून सांगू! ती ओरडली नाही. मले इचारलं काहून नाही, एवढंच म्हणाली.

त्या पाचही बायकांसमोर मी कान धरले. त्यांच्या देखत सगळं रेकॉर्डिंग पुसलं, त्यामुळे तुला पाठवायला काहीच उरलं नाही. लाज वाटली गं. तुझ्यावर मी तेव्हा किती चिडलो होतो, आणि या वयात स्वतः काय केलं? तेच. तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, चहाचा कप मात्र जोरात आदळायची. मी म्हटलं, छत बुजवून टाकतो. त्यावर कप आणखी जोरात आदळला.

चौथ्या दिवशी स्टूल लावून ती त्या भोकात डोकावत होती. हे चालते कसं, म्हणाली. मी सगळं दाखवलं. तिने ऐकलं आणि सरळ ऑर्डर सोडली: तुमचं आतलं बटण काढा, माझ्या पायाशी यंत्राचं पायडल जोडा, पाय दाबला तर कॅमेरा खाली, पाय उचलला तर वर. आणि ती बॅटरीही काढा. मी संध्याकाळपर्यंत करून दिलं. मग मला बाहेर काढून तिने दार लावलं. मी बाहेर उभा. मोटर खाली, मोटर वर, कितीदा तरी. मग तिचा आवाज आला. बाहीचं कटिंग सांगत होती, चांगलं ठणकावून, आपल्या वऱ्हाडीत. सपना, मी दारापाशीच खाली बसलो आणि रडलो.

आता हे पत्र का, ते सांगतो. तिला त्या कॅमेऱ्यातून तुला फोन लावायचाय, येत्या महिन्यातल्या कुठल्याही रविवारी, तुझी ड्युटी नसेल तेव्हा. मी म्हटलं, मग लाव की आत्ता! तर म्हणाली, तिले पहिले इचारा. आणि फोनवर इचारू नका, फोनवर ते लाजंकाजं हो म्हणून टाकंन. चिठ्ठी लिहा, म्हणजे तिले इचार करायले टाइम भेटंन. दोन वर्षं झाली, पोरगी वाट पाहून थकली असंन, मले तोंड दाखवाचं तिच्या मनात आहे का नाही, मले का मालूम? म्हणून विचारतोय, बाळा. तिने तुला बघितलेलं तुला चालेल का? उत्तर मला देऊ नकोस, तिलाच दे.

तुझाच,
पप्पा