गच्चीवर पिकलेलं मीठ

प्रिय बाबा,

आज सकाळी रोडपालीच्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी मीठ पिकवलं! ही बातमी ऐकण्याचा पहिला हक्क तुमचा. तुम्ही आता नाही आहात, म्हणून तो दुसऱ्या कुणाला कसा देऊ?

आधी कारण सांगते. महाविद्यालयातून निवृत्त झाल्यावर स्वयंसेवक म्हणून टांझानियाला जायचं मी ठरवलं. तिथल्या एका किनारी गावात बायका समुद्राचं पाणी चुलीवर आटवून मीठ काढतात. धुरानं डोळ्यांची वाट लागते आणि खाडीची झाडं सरपणात जातात. उन्हावर मीठ कसं पिकवायचं, हे मी त्यांना शिकवायचं आहे. निवड झाली, पण व्हिसा रखडला. घरी बसल्या बसल्या एक प्रश्न छळू लागला : आयुष्यभर फळ्यावर मिठाचं सूत्र लिहिणाऱ्या या रसायनशास्त्राच्या बाईनं स्वतः मूठभर तरी मीठ कधी पिकवलंय का? पिकवता आलं नाही तर जायचंच नाही, असं मी ठरवून टाकलं.

यात थोडा दोष तुमचाही आहे हं! जासईला आपलं मिठागर होतं, पण मला कधी वाफ्यात उतरू दिलंत? "तू पुस्तक धर," म्हणून बांधावरूनच परत पाठवायचात. आता तिथे कंटेनरच्या रांगा आहेत. विचारायचं तरी कुणाला?

मग गच्चीवर विटांची चौकट मांडली, प्लास्टिक अंथरलं, रिक्षातून खाडीचं पाणी आणून ओतलं. पाणी निम्मं आटलं, तेवढ्यात तुमची धाकटी बहीण, आपली जनाआत्या, राहायला आली. मी बाजारातून परतते, तो चौकट रिकामी!

"साचलेलं पानी ठेवतंस गो? डेंगू व्हईल ना! मी वतून टाकला."

"आत्या, त्याचं मीठ होणार होतं!"

"मीठ? पलास्टिकवर? दादानी बघला असता त हसून लोळला असता."

लगेच तिनं मला खाडीची चिकणमाती आणायला पिटाळलं आणि पदर खोचला. "हात नको लावू. पायानी चेप."

एकमेकींचा हात धरून, ताल धरून आम्ही चौकटीत पसरलेली माती तुडवली. आम्ही नाचतोय असं वाटून खालच्या मजल्यावरच्या वहिनी विचारत आल्या, "हळद कुणाची आहे?" मी आत्याला समजावत होते : मातीचे चपटे कण दाबाखाली आडवे बसतात, म्हणून पाणी झिरपत नाही.

"तुझ्या बोलन्यानीच पानी आटल गो," ती म्हणाली.

पुढचं ऐका ना! त्या मातीच्या वाफ्यात मी पुन्हा खाडीचं पाणी भरलं. पाणी आटताना आधी चुन्याचे क्षार तळाशी बसतात, मग मीठ; शेवटी उरतं कडू पाणी. ते वेळीच काढलं नाही, तर मीठ कडसर आणि ओलं राहतं. मी ते अगदी वेळेवर काढलं. आणि आज? पांढरेशुभ्र, चौकोनी, चमचमणारे खडे! आत्यानं कैरीच्या फोडीला लावून चाखले, डोळे मिटले.

"आपल्या आगराचा लागतंय. जा तू आता बिनधास्त. शिकवशील."

बाबा, डॉक्टरेट मिळाली तेव्हाही मी अशी नाचले नव्हते!

व्हिसा येईल तेव्हा येवो, मी तयार आहे. तुम्हाला एक वचन देते : तिथल्या कुठल्याच मुलीला मी बांधावरून परत पाठवणार नाही. ती वाफ्यात उतरेल, आणि तिथेच उभी राहून मी तिला सूत्रही शिकवीन.

तुमची, पाय अजून मातीनं माखलेली लेक,
सुनंदा