आईचा रोल आणि दोन सोडे

चि. धाकटीस,

दादाचे पोटभर आशीर्वाद. गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं की तू मुद्दाम गच्ची झाडायला जातेस, म्हणून यंदा काही सांगत नाही. तुझ्या घशाखाली घास उतरत नसेल म्हणून आधीच कळवतो: आईचा रोल सुखरूप धुऊन निघाला. हुश्श! आता पाय पसरून बस आणि पुढचं वाच.

रोल स्टुडिओत टाक, असं तू चारदा बजावलं होतंस. पण तू काढलेले आईचे शेवटचे फोटो परक्याच्या हाती कशाला द्यायचे (तो माणूस रोलांची अदलाबदल करतो असं ऐकून आहे), म्हणून मी रोल धुण्याचं औषध घरीच कालवायचं ठरवलं. जुन्या पुस्तकातून कृती उतरवली, पुड्या आणल्या, डोळ्यांत तेल घालून एकेक ग्रॅम तोलला. शेवटी धुण्याचा सोडा हवा होता. तो मी आणलाच नव्हता. स्वयंपाकघरात दोन डबे दिसले, दोन्हींवर तुझ्या वहिनीच्या अक्षरात नुसतं 'सोडा'. म्हटलं, सोडा तो सोडा, त्यात कसली जातपात! हाताला लागला तो घातला.

नशीब म्हण की हुशारी म्हण, आख्खा रोल घालण्याआधी मी त्याचं डबीबाहेरचं शेपूट कापून औषधात बुडवलं. उजेड खाल्लेला तुकडा तो, बघता बघता काळाकुट्ट व्हायला हवा. पाच मिनिटं झाली, दहा झाली, तुकडा ढिम्म. माझं तोंड तेवढं काळं पडलं. तुझी वहिनी डबा पाहून म्हणाली, "अहो, हा खाण्याचा! धुण्याचा त्या दुसऱ्यात."

"मग डब्यावर लिहायचं ना?"

"मला कळतं. तुम्ही स्वयंपाकघरात यायला लागलात की लिहीन."

सगळं ओतून पुन्हा कालवलं. या खेपेला शेपूट कोळशासारखं झालं! मग न्हाणीघराच्या फटीफटीत चिंध्या कोंबल्या, काळोखात चाचपडत रोल चकरीवर चढवला, औषध, पाणी, चित्र पक्कं करणारा हायपो, पुन्हा पाणी, आणि पट्टी कपड्यांच्या दोरीवर चिमट्याने टांगली. खिडकीकडे धरून पाहिली तर आई! केस काळेभोर, तरुणपणी होते तसे (निगेटिव्हच ते, पांढरं ते काळं दिसणार, पण क्षणभर माझं मन फसलं). मी तिथेच बादली पालथी घालून बसलो.

स्वतःला जप. इकडे सगळे ठीक, माझी बोटं तेवढी पिवळी.

तुझा,
दादा

ता. क. : वहिनीने पत्र वाचलं. तिचं म्हणणं, सोडा घालण्यापर्यंतचा 'मी' तसाच ठेव, त्यापुढे जिथे 'मी' आहे तिथे 'वहिनी' वाच. खरं आहे. आईचा रोल हातात घ्यायचा मला धीरच झाला नाही. मी दाराबाहेर घड्याळ धरून उभा होतो. बादलीवर मात्र मीच बसलो.

आणखी एक : सातव्या फोटोत आई तोंडाला पदर न लावता खळखळून हसतेय. माझ्यासमोर ती अशी कधी हसली नाही. तू तेव्हा तिला काय सांगत होतीस, तेवढं उलट टपालाने कळव. माझ्याबद्दलच असणार. तरी कळव.