नर आधी तपासायचा

प्रिय तेजश्री,

पाकिटावरचं अक्षर ओळखून तू हे न वाचताच फाडशील, असं धरूनच लिहितोय. आपल्या हौदांवरचा दत्ता परवा दौंडला मत्स्यबीज पोचवून आला, तेव्हा कळलं. आपल्या घटस्फोटाला वर्ष झालं नाही तोच तळेगाव ढमढेऱ्याच्या बिजवराशी तुझं ठरलंय. त्याची दोन पोरं तू सांभाळायची आणि तुला मूल होत नाही म्हणूनच ते तुला करून घेतायत, असं तुझ्या भावानंच तिथे दत्ताला सांगितलं. तेव्हापासून जेवण जात नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तू विचारलं होतंस, शेततळ्यात एवढे रोहू आहेत, मग त्यांना पिल्लं का होत नाहीत? मी मास्तरकीच्या थाटात सांगितलं होतं, की अडलेल्या पाण्यात मादीच्या पोटात अंडी भरतात, पण ती घालत नाही. तिला पुराचं वाहतं पाणी लागतं, नाहीतर आमच्यासारख्यांचं इंजेक्शन. तू ओल्या टॉवेलात मादी धरायचीस, मी कल्ल्यामागच्या पराच्या बुडाशी सुई टोचायचो. तिला दुखतं का, हे तू दरवेळी विचारायचीस. पुढे शिरूरच्या दवाखान्यात तुला दोन वर्षं सुया टोचल्या, तेव्हा मी एकदाही विचारलं नाही. बाहेर बाकावर मोबाइल बघत बसायचो.

आई चारचौघींत म्हणायची, ‘तळंच खराब हाय, त्याला मासा काय करंल?’ तू भाकरी थापत असायचीस. मी ऐकून न ऐकल्यासारखं करून जेवत राहायचो.

या जुलैत एका हौदातली सगळी अंडी वाया गेली. फळलेलं अंडं शिजलेल्या साबुदाण्यासारखं आरपार दिसतं, न फळलेलं पांढरं पडतं, तुला ठाऊक आहे. दत्ता म्हणाला, ‘मादीतच खोट हाय.’ मी त्याच्यावर खेकसलो, पोट दाबून नराच्या बीजाचं दूध बघितलं होतंस का? आपल्या धंद्यात नर आधी तपासायचा, हे पहिल्या दिवशी शिकवतात. दत्ता जाळं घेऊन नर धरायला गेला. मी मग हौदाच्या कठड्यावर बसून राहिलो.

सोबतचा कागद माझ्या तपासणीचा आहे, सहा वर्षांपूर्वीचा. पंप आणायला म्हणून पुण्याला गेलो होतो ना, तेव्हाचा. माझ्यात बीजच नाही, असं त्यात स्वच्छ लिहिलंय. शिरूरच्या डॉक्टरांना मी तोंडी नॉर्मल सांगितलं आणि कागद फ्रिजमध्ये माशांच्या इंजेक्शनच्या खोक्याखाली ठेवला. तुझी इंजेक्शनं वरच्या कप्प्यात असायची. काल आईला सांगितलं, ती माझ्याशी बोलत नाही. हा कागद तुझ्या वडिलांना, आप्पांना दाखव, भावालाही दाखव. लग्न करायचं तर कर, पण तुझ्यात खोट आहे म्हणून करू नकोस. तू आता अडतीस वर्षांची आहेस, तेजू. कागद तेव्हाच तुझ्या हातात द्यायला हवा होता.

तुझा अपराधी,
जयसिंग